ढब्बूचा तळहात

माझ्या माशांना पाय फुटले, तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले की ढब्बूच्या हातातली बादली सुटली. चंद्रावर बादलीसुद्धा सावकाश पडते. त्याने ती मध्येच झेलली आणि वर मलाच ऐकवलं, "शर्वरीताई, माशांना पाय नसतात. तुमची बघण्यात चूक होते आहे."

ढब्बू हा आमच्या चांद्रवस्तीतल्या भातघराचा यंत्रमानव. बंद घुमटाखाली आम्ही भात पिकवतो आणि तिथलं पाणी तो सांभाळतो. हुशार आहे, पण महाहट्टी.

मासे दिले होते आबांनी, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांनी. आबा प्राणिशास्त्रज्ञ (प्राण्यांचा अभ्यास करणारे) आहेत. पृथ्वीवरून येताना त्यांनी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा एक बुळबुळीत गोळा आणला आणि भातघरातल्या टाकीत सोडला. त्यातल्या काळ्या ठिपक्यांतून सात जीव वळवळत निघाले. "सांभाळ आणि गंमत बघ," एवढंच ते म्हणाले. सरळ सांगतील तर ते आबा कसले!

मागचे पाय आले, मग काही दिवसांनी सगळ्यात मोठ्याला पुढचेही आले. आणि त्याने खाणंच सोडलं. शेपटी आखडायला लागली. सारखा वर येऊन तोंड उघडायचा. ढब्बू म्हणाला, "आजारी आहे. पाणी वाढवतो." त्याने टाकी काठोकाठ भरायला घेतली. मला रडूच फुटलं. आबा गुडघ्याच्या उपचारांसाठी रुग्णालयात होते. मी त्यांना पडद्यावर बोलावलं.

आबा ताडकन उठून बसले. "शरू, पाणी थांबव! बुडेल तो!"

"पाण्यातला जीव पाण्यात कसा बुडेल?"

"तो आता पाण्यातला राहिलाय कुठे? अगं, तो मासा नाही, बेडकाचं पिल्लू आहे. बेडूकमासा म्हणतात त्याला. अंड्यातून निघाला तेव्हा त्याला कल्ले होते (पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेणारे अवयव). आता ते आतल्या आत जिरतायत आणि फुप्फुसं (हवेत श्वास घेणारे अवयव) कामाला लागलीत. याला रूपांतरण म्हणतात (वाढताना शरीराची घडणच बदलणं)."

"मग खात का नाही?"

"तोंडही बदलतंय ना! शेवाळ खरवडणारं तोंड गेलं, किडे पकडणारं अजून पुरतं झालं नाही. मधले दिवस तो शेपटीवर काढतो. शेपटी तुटून पडत नाही, अंगातच जिरते. शिदोरीच ती. पण त्याला टेकायला काहीतरी दे, लवकर!"

माझ्या अंगावर काटा आला. एवढासा जीव! कुणी शिकवलं नाही, कुणी सोबत नाही, आणि हा राहतं घर पाडून तिथेच नवं बांधतोय, तेही आत राहूनच.

पण टेकायला द्यायचं काय? टाकीच्या भिंती गुळगुळीत, आणि बाहेरचा दगड आणावा तर त्याची धूळ काचेसारखी धारदार. मी इकडेतिकडे धावत सुटले. पिल्लू दमून खाली चाललं होतं.

ढब्बूने पाणी बंद केलं. त्याने हात पाण्यात घातला आणि तळहात तिरका धरला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"एवढा उतार पुरे?" त्याने विचारलं.

पिल्लू हाताभोवती फिरलं. मग एक चिमुकला पंजा पोलादी बोटावर आला. दुसरा आला. ते वर चढून बसलं आणि त्याचा गळा धकधक हलायला लागला. मी आनंदाने नाचले.

चार दिवसांनी आबा घरी आले, तेव्हाही ढब्बूचा हात तसाच पाण्यात होता. तोवर शेपटीचा मागमूस नव्हता. आमच्यासमोर त्या इवल्या बेडकाने तळहातावरून उडी मारली. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे पाय फाकवून तो वर, आणखी वर गेला आणि भाताच्या लोंब्यांवरून तरंगत पलीकडे उतरला. आबांनी टाळ्या वाजवल्या.

"आता किडे खाईल, मोठा होईल. यांच्यातल्या माद्या याच पाण्यात अंडी घालतील. भातघरात डराव डराव ऐकू येईल, शरू!"

मी कोठीतून आणलेली फळी पुढे केली. "ढब्बू, ही तरंगत ठेवू. काढ आता हात."

ढब्बू हलला नाही.

"फळी राहू द्या, शर्वरीताई. सहाजण अजून पाण्यात आहेत."