वाचून दाखवा

ए, बॅटरी बंद कर. आणि दात काढू नकोस. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर घरी जाऊन झोप.

हे घडलं आमच्या दाजींच्या बाबतीत. थोरल्या बहिणीचा नवरा. शाळेत इतिहास शिकवायचे. गर्व इतका की मला कधी नावानं हाक मारली नाही, "ड्रायव्हर" म्हणायचे. बहिणीकडे बघून गप्प बसायचो, नाहीतर एक ठेवून दिली असती.

दाजी पुस्तक लिहीत होते. जुन्या मोठ्या लढाईत मेलेल्या एका साध्या शिपायावर. त्याची मुलगी अजून जिवंत होती, पंच्याऐंशीची म्हातारी. ती पोटात असताना बाप लढाईवर गेला, तो गेलाच. गावच्या चौकात लढाईत मेलेल्या शिपायांच्या नावांचा दगड आहे. त्यावर याचंच नाव नाही. का नाही, ते तिला जन्मभर कोणी सांगितलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत बापाची पत्रं आणायला मीच दाजींना जीपनं तिच्याकडे नेलं. एकच खोली, पत्र्याची पेटी, पेटीत सात पत्रं. लिहिलेली पलटणीतल्या जोडीदारानं. शिपायाला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाखाली डाव्या हाताचा अंगठा. म्हातारी त्या अंगठ्यावरून बोट फिरवत बसायची. तिचा बाप तेवढाच.

म्हणाली, "लेकरा, घेऊन जा. पण जे लिहिशील ते आधी मला वाचून दाखव. मगच छाप."

"हो आजी. इथं अंगठा द्या."

"काय लिहिलंय त्यात?"

"काही नाही, पत्रं मिळाल्याची पावती."

शाईचं पॅड मी धरलं होतं. मी!

परत येताना दाजींनी हसत हसत कागद वाचला. 'पुस्तकातला सगळा मजकूर मला वाचून दाखवला, छापायला हरकत नाही.'

"दाजी, म्हातारीला फसवलंत."

"तू गिअर बदल, ड्रायव्हर."

आणि मी बदलला. रस्त्यात कोणाशीही भांडणारा मी, तेव्हा माझी जीभ कुठं गेली होती कोण जाणे.

दाजींनी लष्कराच्या जुन्या फायली काढल्या. त्यात शिपायाचा जबाब निघाला. 'मी भिऊन पळालो.' खाली अंगठा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याच लोकांनी त्याला खांबाला बांधून गोळ्या घातल्या. पण त्याच फायलीत दुसराही कागद होता. तो पळाला नव्हता रे! जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन मागं आला होता. दाजींनी तो कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "पळपुट्याची गोष्ट लोक वाचतात."

पुढच्या महिन्याची सव्वीस तारीख. गुरुवार. बहीण आमच्याकडे आलेली. दाजी घरात एकटे, शेवटचं पान लिहीत होते. रात्रीचे पावणेबारा झाले होते.

दार वाजलं नाही. कडी आतून लावलेलीच होती.

टेबलापलीकडे माणूस उभा होता. पायांना चिखल. छातीवर... नको, ते सांगत नाही. डावा अंगठा निळा.

"काय लिहिलंय?"

दाजी खुर्चीसकट मागं सरकले.

"मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

दाजींनी पान उचललं. पानावर लिहिलं होतं पळपुटा. दाजींनी वाचलं, "शिपाई शूर होता... जोडीदाराला पाठीवर घेऊन..."

तो ऐकत राहिला. शेवटपर्यंत.

मग म्हणाला, "जबाब घेताना साहेबांनीही असंच वाचलं होतं. रजेचा अर्ज आहे म्हणाले."

...

"मुलगी झाली असेल, तिला बघायला जायचं होतं."

...

"आता तुम्ही अंगठा द्या."

त्यानं दाजींचा हात धरला. बर्फ. बस्स, एवढंच दाजींनी सांगितलं. पुढचं विचारलं की भिंतीकडे बघायचे.

सकाळी पानाखाली अंगठा उमटलेला होता. आणि दाजींचा डावा अंगठा गुळगुळीत. एक रेघ नाही. बँकेचं मशीन अजून घेत नाही.

सुधारले असतील म्हणता? कसले! अंगठ्याला पट्टी बांधून पळपुट्याचंच पुस्तक छापून आणलं. शेजारणीनं म्हातारीला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. विचारलं, "अजून काही आहे?" शेजारीण म्हणाली, नाही. म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेली. दगडावर नाव नाही ते नाहीच.

तो दुसरा कागद? दाजींनी जाळला.

चला, उठा आता. काय रे, माझ्या हाताकडे काय बघतोस?

...

लाव. लाव ती बॅटरी. हा डावा. परवापर्यंत निम्म्या रेघा होत्या.