काजळ्या अजून जेवत नाही

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका घोड्याची माफी मागत होता, आणि घोडा त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती. तबेल्यात दिवसाही दिवे लावावे लागत होते. मी बादली घेऊन अगदी शेवटच्या ठाणाशी गेले, तर अर्ध्या दाराच्या आत, पेंढ्यावर, एक माणूस उकिडवा बसलेला. डावा हात गळ्यात अडकवलेला. केसांतून पाणी गळतंय. आणि तोंडाने पुटपुट चाललेली.

"कोण आहे तिथे?"

तो धडपडत उठला. "मी… म्हणजे… याला मीच पाडला."

चोर निघाला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. चोराला हाकलता तरी येतं.

तबेला माझ्या आत्याचा. घोड्यांच्या चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खाण्याचं बघणारी बाई सोडून गेली म्हणून आत्याने मला बोलावून घेतलं होतं. कोणाला जव किती, कोंडा किती, गवत कोरडं की भिजवून, हे सगळं माझ्याकडे. पोरीला माणसांचं जमत नाही, निदान जनावरांचं तरी जमेल, असा आत्याचा हिशोब.

त्या भिजलेल्या माणसाची, म्हणजे स्वाराची, गोष्टही मला तिनेच सांगितली. तो इथे घोड्यांना उड्या शिकवायचा. एका ओल्या सकाळी आडव्या दांडीवरून उतरताना काजळ्याचा, त्या शेवटच्या ठाणातल्या घोड्याचा, पाय घसरला. स्वाराचं मनगट मोडलं. काजळ्याच्या पुढच्या पायाची, मागच्या बाजूची जाड शीर फाटली. मनगट प्लास्टरमध्ये घातलं की निभतं. घोड्याच्या पायाला मात्र एकच औषध, ते म्हणजे ठाणातून बाहेर पडायचं नाही. महिनोन्‌महिने.

बाकीचे घोडे रोज त्याच्या दारावरून मैदानाकडे जायचे. काजळ्या मान लांब करून शेवटची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत बघायचा, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आणि त्याने खाणं सोडलं. गव्हाण भरलेली, बादली भरलेली, आणि हा उपाशी. घोड्याचं पोट रिकामं राहिलं की पोटशूळ उठतो, आणि तो उठला की जिवावर बेततं.

"दोन दिवस बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घोड्यांवर त्यांची माया फार, माणसांवर बेताची. "जे खाईल ते घाला. पण घाला."

दुसऱ्या दिवशी चंदीची खोली गळायला लागली म्हणून मी माझा डबा घेऊन काजळ्याच्या दाराशी पालथ्या बादलीवर जाऊन बसले. स्वार होताच तिथे. तोंड पाडून बसलेला.

"जेवलात का?" मी विचारलं.

"भूक नाही."

"वा! एक उपाशी घोडा कमी होता." मी सफरचंद त्याच्या मांडीवर टाकलं. "खा. तुम्ही मेलात तर तुमची तिरडी उचलायला मी येणार नाही, माझ्या पाठीत आधीच चमक आहे."

तो हसला नाही, पण त्याने सफरचंदाचा करकरीत चावा घेतला. मी माझ्या ब्रेडचा तुकडा मोडला. आणि भिंतीकडे तोंड केलेल्या काजळ्याचा एक कान आमच्याकडे वळला. मग दुसरा. मग सगळा घोडाच वळला. त्याने गव्हाणीतून चार काड्या ओढल्या आणि चावायला लागला.

आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. स्वाराचं तोंड थांबलं, तसं घोड्याचंही थांबलं.

"खा ना रे!" मी कुजबुजले. "थांबू नकोस, खा!"

"संपलं… फक्त बुडखा राहिलाय."

"मग बुडखा खा!"

त्याने बियांसकट खाल्ला. घोडा कळपाचं जनावर. चार तोंडं चरताना दिसल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. आणि 'अहो-जाहो' गेलं कुठे हेही दोघांच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं असावं. कारण जाताना तो दारात थबकला आणि म्हणाला, "उद्या… येऊ ना ग?"

मग रोज दुपारी आम्ही तिघं जेवायला बसायला लागलो. बाहेर धुकं, चिखल, करडं आभाळ. ते आभाळ त्या दिवसांत उघडलंच नाही बहुतेक. आत पेंढ्याचा वास आणि घोड्याच्या चावण्याचा संथ आवाज.

"तू फार भराभर जेवतेस," तो म्हणायचा. "घोडा गोंधळतो."

"आणि तू फार बघतोस. मीही गोंधळते."

"मी घोड्याकडे बघत असतो."

"घोडा तुझ्या उजव्या हाताला आहे."

तो लाजायचा, आणि लाजला की प्लास्टरच्या कडेने मनगट खाजवायचा. पण त्याचं हसू ओठांवर आलं तसं निघूनही जायचं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्याने मला सगळं सांगून टाकलं. पुन्हा घोड्यावर बसणार नव्हता तो. हाड जागेवर बसलं होतं, पण लगाम हातात घेतला की हात कापायचा. दूर दुसऱ्या शहरात त्याच्या दादाचं फर्निचरचं दुकान होतं. दादा बोलावत होता.

"काजळ्या आपलं आपण खायला लागला की निघणार," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच थांबलोय."

तेवढ्यासाठीच! माझा घास तोंडातच फिरायला लागला.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात काजळ्या आपलं आपण खायला लागला. सकाळी जाऊन बघते तर गव्हाण चाटूनपुसून लख्ख. मी आनंदाने उडीच मारायला हवी होती. त्याऐवजी मी इकडे तिकडे पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली, आणि गवताच्या दोन मोठ्या पेंढ्या गव्हाणीत परत कोंबल्या. न खाल्ल्यासारख्या दिसाव्यात म्हणून वरून हाताने विस्कटले.

दुपारी तो आला. गव्हाणीकडे पाहिलं. "अजून जेवत नाही का हा?"

"नाही ना," मी म्हणाले. "फार रुसलाय."

"रुसलाय खरा." तो बादली ओढून माझ्या शेजारी बसला, नेहमीपेक्षा थोडा जवळ. "मग… थांबायलाच हवं."

असं रोज. रोज सकाळी काजळ्या गव्हाण साफ करायचा, मी ती भरायची, तो तेही फस्त करायचा. शिवाय दुपारी, उपाशी म्हणून, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने जव घातलेली चंदी वेगळी. बांधलेल्या घोड्याला जव म्हणजे अंगात आग. हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. मी आंधळी नव्हते, मी नुसती डोळे मिटून घेत होते.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी बाकीचे घोडे दारावरून निघाले आणि काजळ्याला राहवेना. तो मागच्या पायांवर उभा राहिला, किंचाळला, आणि सगळं वजन घेऊन त्याच दुखऱ्या पायावर आदळला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा पाय सुजून टम्म झाला होता. त्यांनी पायावरून हात फिरवला. मग बरगड्यांवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"बरगडी हाताला लागत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हा घोडा उपाशी आहे म्हणता? अशी उपासमार माझी कोणी केली असती तर मीही अशीच फुगले असते."

निरोप मिळताच धावत आलेला स्वार माझ्या शेजारी उभा होता.

"ही सूज उतरली नाही तर शीर जुळायची नाही. आणि तीन पायांवर घोडा जगत नाही. मग तुझ्या आत्याला जे ठरवावं लागेल ते मला तिला सांगायला लावू नका."

त्या गेल्या. काजळ्या दुखरा पाय उचलून धरून उभा होता. माझी मान वर होईना.

"ते मी करत होते," मी म्हणाले. "सकाळी गवत मीच परत भरत होते. तो कधीचा जेवतोय."

"माहितीये मला."

मी चमकून पाहिलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं. लवकर आलो होतो, खिडकीतून बघितलं." त्याचा आवाज फाटला होता. "तू गवत विस्कटत होतीस. आणि मला… इतकं बरं वाटलं ग. कोणीतरी मला थांबवून ठेवायला खोटं बोलतंय. मी आल्या पावली मागे गेलो आणि दुपारी काही माहीत नसल्यासारखा आलो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर जावं लागलं असतं."

दुसरी वेळ असती तर हे ऐकून मी सुखाने वेडी झाले असते. पण तो घोडा आमच्यामध्ये तीन पायांवर उभा होता.

"एकदा मी याला पाडला," तो म्हणाला, "आणि आता आपण दोघांनी मिळून. मी इथे राहिलो की त्याच्या जिवावर उठतो. जातो मी."

मी त्याला अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं? तो संध्याकाळच्या गाडीने गेला, रिमझिमीत, छत्री न उघडता. मी खिडकीतूनही पाहिलं नाही. जव भिजवायची पातेली घासत बसले, उगाच, सगळी स्वच्छ असताना.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जव बंद. गवत तासभर भिजवून, बारीक जाळीच्या पिशवीत, मूठमूठ. सुजेवर गार पट्ट्या. काजळ्या माझ्याकडे बघून पाय आपटायचा, पिशवी दातांनी ओढायचा, आणि मी त्याला नाही म्हणायची. त्याला आवडेल ते न देणं हे किती अवघड असतं! दुपारी मी त्याच्या दाराशी बसून जेवायची. तो जेवायचा, मीच अर्धा डबा परत न्यायची. आत्या बघायची. एकदा फक्त म्हणाली, "पोरी, वजन घोड्याचं उतरवायचं होतं, तुझं नव्हे."

स्वाराचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. "सूज?" "उतरतेय." "चावतो का कोणाला?" "मला." "बरं." बस. मागे दुकानात कोणीतरी खुर्च्यांचा भाव विचारत असायचं. मग फोन ठेवला जायचा.

मग एका ढगाळ सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला, बरगड्या मोजल्या आणि म्हणाल्या, "काढ बाहेर. चालव. फक्त चालव."

मी दोर धरला. काजळ्याने उंबऱ्यापाशी थांबून बाहेरची हवा हुंगली, आणि फरसबंदीवर पाऊल टाकलं. मी दुसऱ्या हाताने फोन लावला.

"सूज?" तो म्हणाला.

"बोलू नकोस. ऐक."

मी फोन खाली, टापांच्या जवळ धरला. टप, टप, टप, टप. लंगडा घोडा नजरेआधी कानाला कळतो, एक ठोका दबका पडतो. मी कान देऊन ऐकत होते. चारही ठोके सारखे पडत होते. काजळ्या अंगणाच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, तरी सारखेच.

फोन कानाला लावला तर पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"ऐकलंस?"

"ऐकलं. चारही."

"मग ये आता."

"कशाला?" तो हळूच म्हणाला. "तो बरा झालाय. आता जेवतोही. माझं तिथे काय काम आहे?"

"काहीच काम नाही," मी म्हणाले. "घोड्यासाठी येऊ नकोस. घोड्यावर बसायलाही येऊ नकोस, आयुष्यात कधी बसला नाहीस तरी चालेल. मला तू हवा आहेस. मला करमत नाही तुझ्याशिवाय. म्हणून ये."

मी हे बोलले? मीच बोलले. डॉक्टरीणबाई चष्मा पुसायला लागल्या, पाऊस नसताना.

"दादाला सांगावं लागेल," तो म्हणाला.

"काय सांगशील?"

"खरं ते."

"मग ते मलाही सांग की एकदा."

पलीकडे कोणीतरी पुन्हा खुर्चीचा भाव विचारला. आणि माझा स्वार, कोणाची पर्वा न करता, भर दुकानात मोठ्याने म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. उद्या संध्याकाळी पोचतो."

काजळ्याने पुढे चालायला दोर ओढला. माझ्या एका हातात दोर, एका हातात फोन, आणि डोळे पुसायला तिसरा हात नव्हता.