पठारावरचा पांढरा उजेड

दार लोटून घ्या आणि जरा सरकून बसा. मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन. ही गोष्ट आपल्या चष्मेवाल्याची. त्याच्याच तोंडून ऐकलीय.

डिसेंबरातली अमावस्या, शनिवार. शहरातली माणसं हल्ली एका रात्रीपुरती तारे बघायला लांब अंधारात जातात ना, तशा सहली नेणारा एक दुर्बीणवाला त्याचं गिऱ्हाईक. दुर्बिणीचं भिंग निखळलं होतं, ते चष्मेवाल्यानं बसवून दिलं. "तुम्हीच घेऊन या पठारावर, तारेही बघून जा," दुर्बीणवाला म्हणाला. चष्मेवाल्यानं सोबतीला मेहुण्याला घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ. तो गाडीत बसला की रेडिओची गरज नसायची.

"दाजी, तारे आमच्या गच्चीवरूनही दिसतात."

"किती?"

"चार. त्यातलं एक विमान."

हसतखेळत पोचले. शेवटचा विजेचा खांब मागे पडला, मग कच्चा रस्ता, मग पठार. एक पत्र्याची शेड, बाहेर सतरंज्या, आणखी चार पाहुणे. आणि वर बघितलं तर, चष्मेवाला सांगतो, मान खाली घ्यावीशी वाटेना. इतके तारे!

दुर्बीणवाला त्याच भागातला, चाळिशीच्या आतबाहेरचा, मितभाषी. त्याची ताकीद एकच. लाल बॅटरी चालेल, पांढरा उजेड अजिबात नाही. मोबाइल खिशात.

"डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं.

मध्यरात्र उलटली तशी थंडी झोंबायला लागली. दुर्बीणवाला चौघांना घेऊन चहाला शेडमध्ये गेला. मेहुणा लघवीला लांब झुडपांकडे. दुर्बिणीपाशी चष्मेवाला एकटा.

परत येताना मेहुण्याला ठेच लागली असावी. त्यानं मोबाइलची बॅटरी लावली. पांढरा झोत सरळ चष्मेवाल्याच्या डोळ्यांत.

"अरे, बंद कर ते!"

उजेड गेला. डोळ्यांपुढे मिट्ट काळोख.

आणि उजव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "हाच तो."

आवाज ओळखीचा नव्हता. चष्मेवाल्याला वाटलं, शेडमधले आले. खांद्याला खांदा लागला. मग डावीकडूनही. मागून श्वास. घामाचा वास... त्या थंडीत.

"धरा."

"सोडू नका."

इथे तो दर वेळी थांबतो. म्हणतो, मला राग आला. कशाचा, ते माहीत नाही. पण असा राग, की दातांवर दात आपटायला लागले. पायाशी दुर्बिणीच्या स्टँडचा सुटा लोखंडी पाय पडला होता. तो हातात कधी आला, कळलं नाही.

धावला. एकटा नाही. सगळे धावत होते.

पहिला फटका. कडकन काहीतरी मोडलं.

"दाजी! अहो दाजी, मी आहे!"

ऐकू आलं. नीट ऐकू आलं. आवाज ओळखलासुद्धा.

हात थांबला नाही.

दुसरा. तिसरा. भोवतीनं लाथा... धप. धप. धप. आणि स्वतःच्याच तोंडून... "चोर! मारा चोराला!"

खाली एक हुंदका.

मग तोही नाही...

लाल उजेड आला. दुर्बीणवाला धावत आला होता. चष्मेवाला उभा. कोपरापर्यंत रक्त. पायाशी मेहुणा, तोंडाचं तोंड राहिलं नव्हतं.

आजूबाजूला... कोणी नाही.

चौघे पाहुणे लांब, शेडच्या दारात. हातात चहाचे कप.

इस्पितळापर्यंत गाडी दुर्बीणवाल्यानं चालवली. मागच्या सीटवर मेहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन चष्मेवाला बसला होता. कच्चा रस्ता संपल्यावर दुर्बीणवाला बोलला.

"फार वर्षांपूर्वी याच पठारावर एक माणूस आला होता, हातात पांढरी बॅटरी. रात्री आडवाटेनं घरी चालला होता बिचारा. गावाला वाटलं, चोर. सगळं गाव धावलं. तिथेच संपवला त्याला. म्हणून मी पांढरा उजेड लावू देत नाही. तारे हे निमित्त."

"तुम्ही... होता तिथे?"

"मी लहान होतो. घरीच होतो."

मेहुणा वाचला. जबडा तारेनं बांधावा लागला, एक डोळा गेला. पोलिसांना त्यानं सांगितलं, अंधारात पुष्कळ लोक होते, कुणाला ओळखलं नाही. बहिणीलाही तेच सांगितलं. चष्मेवाल्याला मात्र ते गिळवेना. त्यानं बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. ती अजून माहेरी आहे. मेहुणा अधूनमधून दुकानात येऊन बसतो. दोघं बोलत नाहीत.

पण त्या पहाटेचं एक राहिलं.

नर्सनं मेहुण्याचं जाकीट कापून काढलं आणि टेबलावर पसरलं. पाठीवर मातीची पावलं. एकावर एक, पुष्कळ. पठारावर थंडीमुळे सगळ्यांच्या पायांत बूट होते. ही पावलं अनवाणी. टाचा, बोटं... सगळं उमटलेलं.

दुर्बीणवाला वाकला. बघत राहिला. मग बाहेर निघून गेला.

चष्मेवाला पुढे झाला.

कॉलरपाशी एक पाऊल होतं... वीतभरही नाही.

लहान मुलाचं.