गुलाबाच्या गाठी

ताईचा फोन आला तेव्हा मी एका कोटाला अस्तर लावत होते. न्हाणीघरात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलंय, हे सगळं तिने दूध नासलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, "येते." ती म्हणाली, "नको गं, जमतंय माझं." ताई असं म्हणाली की समजायचं, जायलाच हवं. शिवणयंत्र, चार कपडे आणि तो अर्धवट कोट घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पोचले. सहा आठवड्यांचा प्रश्न होता.

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांच्या गोष्टी करणारी बाई नाही. माप घेतल्याशिवाय कात्री हातात धरत नाही मी. पण त्या सहा आठवड्यांचं माप मला आजवर घेता आलेलं नाही.

ताईचं घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एका खोलीएवढी बाग. बागेच्या तिन्ही बाजूंना विटांची भिंत, आणि डावीकडच्या भिंतीवर तांबडा वेली गुलाब. तो भाऊजींनी लावलेला. भाऊजी नकाशे काढायचे. रेघ वाकडी गेली तर जेवण जायचं नाही त्यांना. गुलाबासाठीसुद्धा त्यांनी भिंतीवर पट्टी लावून, वीत वीत अंतरावर आडव्या तारा ताणल्या होत्या. आल्यागेल्याला ऐकवायचे, "हा सरळ वर गेला की फक्त शेंड्याला फुलतो. फांदी वाकवायची, आडवी निजवायची, बांधायची. मग अंगभर फुलतो." तो अंगभर फुललेला मात्र त्यांनी पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नकाशाच्या टेबलावरच डोकं टेकलं, ते उचललंच नाही.

त्यानंतर ताईने बागेकडे पाठ फिरवली होती. मागच्या वर्षी आले तेव्हा गुलाबाचं नुसतं रान माजलं होतं. आणि आता बघते तर एकेक फांदी तारेवर आडवी निजवलेली. कळ्यांनी लगडलेली. दोन-चार फुलं उमललेलीही होती, काळपट तांबडी.

"कोण बघतं गं हे सगळं?" मी विचारलं.

"बघायला काय लागतं? वाढतो तो," ताई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

माझी नजर तिच्या प्लॅस्टरवर गेली. तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली.

शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहतात. एकटेच. भाऊजींचे मित्र. रोज सकाळी ताईला वर्तमानपत्र आणून द्यायचे, आणि आमच्या स्वयंपाकघरात चहाची गाळणी कुठे असते हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. म्हटलं, हेच ते. मी भिंतीवरून हाक मारली.

"फांद्या तुम्ही बांधता का हो?"

"मी?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "मला वाटलं, वहिनींनी माळी लावलाय. छान बांधतो हं. अगदी आमच्या दोस्तासारखं."

खोटं बोलणारा माणूस असा चष्मा वर सरकवतो, असं मला त्या वेळी वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन बागेत गेले. आदल्या संध्याकाळी एक कोवळा धुमारा तारेपासून सुटून हवेत डुलत होता. मी तो बघितला होता, कारण माझ्या गालाला त्याचा काटा लागला होता. आता तो नीट आडवा, तारेला बांधलेला होता. जवळ जाऊन पाहिलं. सुतळी नव्हती. कापडाची बोटभर रुंद चिंधी होती. पांढरं पॉपलिन, त्यात बारीक निळी रेघ.

ते कापड मला न ओळखू यायला मी काय आंधळी आहे? त्या ठाणातून मी भाऊजींचे चार सदरे शिवले होते.

आणखी एक गोष्ट. सगळ्या गाठी फांदीच्या मागच्या बाजूला होत्या, भिंतीकडच्या. तारेच्या आणि विटांच्या मध्ये जेमतेम करंगळी जाईल एवढी फट. मी बोट घालून पाहिलं, तर काटा नखाखाली शिरला. तिथे गाठ मारायची तर माणसाने भिंतीत उभं राहायला हवं.

"ताई, भाऊजींच्या सदऱ्यांचं काय केलंस?"

"दिले."

"कुणाला?"

"आता आठवतंय का मला?" ती मटार सोलल्यासारखी डाव्या हाताने प्लॅस्टरच्या कडेचा कापूस उपसत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना सुतळी नाही आवडत. साल कापते म्हणतात."

नाही आवडत. म्हणतात. ते शब्द दिवसभर माझ्या यंत्राच्या पायट्याखाली खडखडत राहिले.

मनाशी मी हिशेब जुळवला. सदरे कंपाउंडरांना दिले असणार. तेच फाडून ते फांद्या बांधतात, दोघं मिळून माझ्यापासून लपवतात. लपवायचं कारण काय, ते या वयात कुणी कुणाला विचारू नये. मला राग आला तो लपवण्याचा. लहानपणापासून एका पांघरुणात निजलेल्या बहिणी आम्ही.

त्या संध्याकाळी मी बागेच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. भिंतीखालच्या मातीवर कपड्यांवर खुणा करायच्या खडूची पूड पसरली. पाऊल पडलं तर उमटेल. सकाळी पूड जशीच्या तशी होती, एक मांजरसुद्धा त्यावरून गेलं नव्हतं. आणि वर तीन नव्या गाठी होत्या.

मी आत आले, ती थेट ताईच्या खाटेपाशी, आणि पांघरूण वर करून तिचे तळपाय पाहिले.

ती जागीच होती. "माझ्यावर पाळत ठेवतेस, छोटे?"

"मग सांग ना, कोण करतंय हे."

"तुझ्याकडे कापड आहे ना? आण एक तुकडा." मी आणला नाही. ती उठून बसली. "आण. एका हाताने फाडून दाखवते तुला. गाठही मारून दाखवते."

मला शरम वाटली. तरी संशय काही गेला नाही. तो आता नुसता एका माणसावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता.

तीन आठवडे झाले त्या दिवशीची गोष्ट. भर दुपार होती. बाहेर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुढच्या खोलीत ताई आरामखुर्चीत बसलेली, कंपाउंडर दारातच उभे राहून आपल्या गुडघ्याचं पुराण सांगत होते. मी कोटाला गुंड्या लावत होते. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर. बागेच्या दाराची किल्ली माझ्या गळ्यात.

मागून आवाज आला. सर्रर्र...

कापड फाटल्याचा. तो आवाज मी दिवसात वीस वेळा ऐकते. आधी दाताने टोक तोडायचं, मग एका झटक्यात उभं फाडायचं.

कंपाउंडर बोलता बोलता थांबले. ताई थांबली नाही, कारण ती बोलतच नव्हती. ती फक्त मान किंचित कलती करून ऐकत होती... ओळखीचं कुणी जिना चढून येताना ऐकतात ना, तसं.

"वहिनी... मागे कुणी आहे?" कंपाउंडरांनी हळूच विचारलं.

पुन्हा, सर्रर्र...

मी कुलूप काढलं. बागेत कुणी नव्हतं. फुलांचा वास यायला हवा होता. येत होता तो खळ घालून नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा, गरम, किंचित करपलेला. भिंतीवरची पानं हलत नव्हती. एकच फांदी मात्र आत्ताच कुणी हात काढून घ्यावा तशी थरथरत होती.

तिच्यावर नवी चिंधी होती, आणि चिंधीत गुंडीचं काजं होतं. राखाडी दोऱ्याने केलेलं.

चार सदऱ्यांपैकी एकाच सदऱ्याला राखाडी काजी होती. पांढरा दोरा संपला होता म्हणून. भाऊजी त्यावरून मला वर्षभर चिडवत होते. आणि तोच सदरा भाऊजींना शेवटचं नेताना, घाईघाईत हाती लागला म्हणून, मी माझ्या हाताने त्यांच्या अंगात घातला होता. तो घालूनच ते चितेवर गेले. तो कुणाला देणं शक्यच नव्हतं.

मी मागे सरकले, तेव्हा पहिल्यांदा सगळी भिंत एकदम नजरेत आली. इतके दिवस एकेक गाठ मोजत होते ना, म्हणून दिसलं नव्हतं. सगळ्या फांद्या एकाच दिशेने निजवल्या होत्या, ताईच्या खोलीकडे. सगळ्यात लांब फांदी खिडकीच्या गजाला बांधलेली होती. तिचा शेंडा आत गेला होता, खाटेच्या उशीपर्यंत. सकाळी उशी झटकताना तो तिथे नव्हता.

"बॅग भर," मी ताईला म्हटलं.

"कशाला? आता तर फुलायला लागलाय."

"ताई, भर म्हणते ना."

तिने वाद घातला नाही. कंपाउंडरांनीच गाडी बोलावली. त्यांच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मीही तुमच्यावरच घेत होतो."

त्यानंतरचे तीन आठवडे ताई माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. जेवायची, झोपायची, माझ्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. बागेचं नावसुद्धा काढलं नाही. मी निवांत झाले.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी प्लॅस्टर काढायला तिला दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर कापणारा माणूस हसतमुख होता. म्हणाला, "मावशी, हात बारीक झालेला दिसेल, घाबरू नका." करवत फिरली, पांढरी पूड उडाली, त्याने दोन्ही बाजू शिंपल्यासारख्या उघडल्या. आणि हसायचा थांबला.

ताईचा तळहात, मनगट, आतली सगळी बाजू ओरखड्यांनी भरली होती. काही जुने, खपली धरलेले. काही अगदी ताजे, लाल.

"खाज सुटते म्हणून लोक विणायच्या सुया घालतात आत," तो माझ्याकडे बघून म्हणाला. मग वाकून नीट पाहिलं. "पण हे... मावशी, हे कधी लागलं?"

"काल," ताई म्हणाली.

काल दिवसभर ती माझ्यासमोर होती. माझ्या घरात एक कुंडीसुद्धा नाही.

त्याने कापूस ओला करून तिची बोटं पुसायला घेतली. अंगठ्याच्या नखात काहीतरी हिरवं भरलं होतं. पानांचा रस असावा. तो अजून ओला होता.