तडा गेला तर कळवा

काचकामाच्या वर्गात कटर कमी आणि हौशी माणसं जास्त होती, म्हणून बाईंनी मला आणि एका दातांच्या डॉक्टरला एकाच टेबलावर बसवलं.

"याआधी काच कापलीय कधी?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कटर चालवायला लागला. समोरच्याच्या तोंडात कापूस असताना प्रश्न विचारायची सवय.

"माझं तोंड रिकामं आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला... हातातली रेघ वाकडी गेली ती गेलीच.

मी मुद्रितशोधक. लोकांच्या चुका काढून पोट भरते. काच मला पहिल्याच शनिवारी आवडली. तुकडे मांडायचे, भट्टीत ते वितळून एकजीव होतात. मग ती चकती साच्यावर ठेवून पुन्हा तापवली की हळूच वाकते आणि तिची बशी होते. आपण फक्त भट्टी थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. डॉक्टर दर शनिवारी लावायला जायचा, मी दर शनिवारी त्याच्या बोटांवर फूटपट्टी मारायचे. सहा आठवड्यांतली आमची जवळीक एवढीच.

बाईंचा एकच नियम होता, काच त्यांच्या पेटीतलीच घ्यायची. "वेगवेगळ्या काचा एकत्र वितळतात, दिसतातही छान. पण थंड होताना एक जास्त आकसते, एक कमी. आतल्या आत ताण. मग आठ-दहा दिवसांनी कपाटात, बसल्या जागी... टक्."

"बऱ्याच घरांत ऐकलाय हा आवाज," डॉक्टर म्हणाला.

शेवटच्या शनिवारी माझी निळी बशी भट्टीतून निघाली. कडेला एक हिरवा ठिपका होता. मी ठेवलेला नव्हता.

"तो माझा," डॉक्टर म्हणाला. "बाटलीचा तुकडा होता. चुकून पडला."

"चुकून?"

"दहा दिवसांत कळेलच. तडा गेला तर कळवा." त्यानं दवाखान्याचं कार्ड पुढे केलं. त्यावर छापलं होतं, 'दुखेपर्यंत थांबू नका'.

वर्ग संपला. आता भेटायला कारण उरलं होतं ते एवढंच, आणि तेही फुटलं तर.

बशी मी बैठकीत ठेवली. आईनं विचारलं, "यात ठेवायचं काय?"

"लक्ष."

नऊ दिवस बशीनं हूं की चूं केलं नाही. इतकी निर्लज्ज धडधाकट वस्तू मी पाहिली नव्हती. दहाव्या दिवशी मी फोन केला. "तडा गेला."

अर्ध्या तासात तो दारात. मास्क हनुवटीवर तसाच. बशी खिडकीपाशी नेऊन त्यानं दाढ तपासावी तशी फिरवून बघितली.

"कुठंय?"

"जाईल," मी म्हटलं. "आज ना उद्या."

"नाही जाणार." त्यानं ती अलगद खाली ठेवली. "तुकडा बाईंच्या पेटीतलाच होता. बाटलीबिटली काही नाही. मला... तुमचा फोन यायला काहीतरी निमित्त हवं होतं."

आतून आई म्हणाली, "चहा टाकू, की तडा जायची वाट बघताय?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "मी खोटं बोललो, कबूल. पण तू का बोललीस?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. माझ्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही.

ती चूक मी तशीच राहू दिली.