मनुबाईचा भुसा

सतरा वर्षं फौजेत काढून मी अग्निशमन केंद्रात लागलो, तेव्हा आई म्हणाली होती, "आता तरी निवांत बस." तशी नोकरी निवांतच आहे. विट्याच्या पट्ट्यात वर्षभर पेटतं काय, तर उसाचे फड आणि लोकांची डोकी. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी पाइपाची गळती शोधत होतो आणि आमचा ड्रायव्हर हुसेन गाडीच्या टपावर बसून शेंगा खात टरफलं माझ्या अंगावर टाकत होता.

तेवढ्यात लालासाहेबांचा फोन आला. "जोतीराम, नायट्रिकचा कॅन फुटलाय रं. धूर निगतोय. तांबडा. पळत ये."

तांबडा म्हटल्यावर मी घाबरलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लालासाहेब गलाईवाले. तीस वर्षं कोइमतूरला सोनं-चांदी गाळून परत आलेले, आता घराच्या खालच्या खोलीत तेच काम करतात. या धंद्यात जमिनीवर सांडलेलं पाण्यानं धुऊन टाकायचं नाही, अशी जुनी शिस्त आहे. केरातही सोनं असतं. तेजाब, म्हणजे ॲसिड, सांडलं की ही माणसं त्यावर लाकडाचा भुसा पसरतात, तो शोषून घेतो, मग भुसा जाळून राखेतून कण काढतात. पातळ तेजाबावर हे खपून जातं. कडक नायट्रिकवर पडलेला भुसा मात्र काडी न लावता पेटतो आणि तांबूस धूर ओकतो. त्याला इलाज एकच, लांबून पाण्याचा भरपूर मारा. नेमकं तेच गलाईवाल्याच्या जिवावर येतं.

आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत असाच कॅन लवंडला होता. केर काढायला असलेल्या मनुबाईंनी सवयीनं पाटीभर भुसा पसरला. आम्ही पोचून विझवलं. मनुबाई बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. दोनदा खोकल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी म्हणालो, "मावशी, घरी जावा, च्या घ्या. काय होत न्हाई." त्या गेल्या, भाकरी थापल्या, नातीची वेणी घातली आणि पहाटे वारल्या. छाती पाण्यानं भरली होती.

तो धूर लगेच काही करत नाही. माणूस दिवसभर ठणठणीत हिंडतो आणि आत फुप्फुसं पाझरत राहतात. हे मला नंतर पुस्तकात वाचून कळलं. आधी कळायला हवं होतं. ती चूक माझी आहे, मी कुणावर ढकलत नाही. तेव्हापासून ठरवलं होतं की ज्यानं तो धूर घेतला तो खोकला काय, न खोकला काय, चोवीस तास दवाखान्यात राहील. शिव्या देईन, पाया पडेन, पण नेईन.

आम्ही पोचलो तेव्हा खिडकीतून विटकरी रंगाचा धूर सरपटत बाहेर येत होता. लालासाहेब तोंडावर ओला टॉवेल धरून ओरडत होते, "उत्कर्षा आत हाय!" उत्कर्षा म्हणजे त्यांची सून. मी मास्कचे पट्टे आवळत होतो, तोवर हुसेन तसाच आत घुसला. मी बोंबललो, पण ऐकतो कोण! अर्ध्या मिनिटात तो तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. दोघांचेही डोळे लाल झाले होते, बाकी काही नाही.

मी पाइप घेऊन दारात गेलो. कॅनच्या तळाला चीर गेली होती आणि तेजाब भिंतीपर्यंत वाहत गेलं होतं. त्यावर भुसा पसरलेला होता. पिवळाधमक, ताजा, सगळीकडे सारखा. कडेनं तो धुमसत होता. मी पाण्याचा मारा करून सगळा मोरीकडे लोटला, शहाबादी फरशी उघडी पडेपर्यंत.

बाहेर येऊन लालासाहेबांवर डाफरलो. "भुसा कुणी टाकला?"

"भुसा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आरं, मनुबाई गेल्यापासनं घरात चिमूटभर भुसा न्हाई. वाळूच्या बादल्या भरून ठेवल्यात. तूच सांगितलं होतंस न्हवं?"

"मी टाकला न्हाई," उत्कर्षा म्हणाली. "मी वाळूच घ्याय वळले होते, तवर धुरानं काय दिसंना झालं."

आमचं बोलणं चालू असतानाच खिडकीतला धूर पुन्हा दाट झाला.

दुसऱ्यांदा आत गेलो. आत्ता धुऊन काढलेल्या फरशीवर पुन्हा भुसा होता. वरून टाकलेला नव्हता. कोपऱ्यापासून दारापर्यंत नीट झाडत आणलेला, त्यावर केरसुणीचे अर्धगोल उमटलेले. मी जागीच थांबलो. मास्कमध्ये स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो, म्हणून तो रोखून धरला.

सर्र. सर्र.

आवाज मांडणीच्या पलीकडून येत होता. खालून. कुणीतरी उकिडवं बसून झाडत असावं, तसा.

नियमानं मी मागं फिरायला हवं होतं. पण आठ महिने माझ्या जिवाला एकच गोष्ट टोचत होती. मी मास्क ओढून खाली घेतला आणि हाक मारली.

"मावशी, बाहेर या. ह्या बारीला मी दवाखान्यात नेतो."

आवाज थांबला.

मी मास्क चढवला आणि पाण्याचा मारा सुरू केला. धूर निवळल्यावर पाहिलं, तर कोपरा रिकामा. हे मी कुणाला सांगितलं नाही, अहवालातही लिहिलं नाही. माणसं मला आधीच चक्रम समजतात.

त्यानंतरचं काम आगीपेक्षा अवघड होतं. हुसेन म्हणे, "सायेब, मी ठणठणीत हाय की!" उत्कर्षा म्हणे, "दादा, पोरांची शाळा सुटंल, घरात कोन हाय?" लालासाहेबही सुनेच्या बाजूनं बोलायला लागले. मग मी नको ते बोललो. मनुबाईंनीही भाकरी थापल्या होत्या, म्हणालो. लालासाहेबांनी जीपची किल्ली काढली. गाडीपाशी आमच्या तुकडीतली दोन माणसं ठेवून मी दोघांना लालासाहेबांच्या जीपमध्ये घातलं आणि तासगाववरून सांगलीला आणलं. हुसेन वाटेत बेदाण्याचे भाव सांगत होता. मी त्याला एकदाही गप्प बस म्हणालो नाही.

दवाखान्यात परवीन सिस्टर दारातच उभ्या होत्या. आत तीन खाटा तयार होत्या, तिन्हींपाशी ऑक्सिजन लावलेला.

"दोनच आहेत," मी म्हणालो. "मी फोनवर दोनच सांगितले होते."

"मघाशी एक मावशी येऊन सांगून गेल्या, सर. तिघं येतायत, एक बाई आणि दोन पुरुष, तांबड्या धुराचे."

"कोण मावशी?"

"गावाकडच्या वाटल्या. पदराला सगळा लाकडाचा भुसा. मी म्हटलं, आधी बाहेर झटकून या."

"त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल," असं मी जरा जोरातच म्हणालो आणि दोघांना खाटांवर झोपवलं.

तीन वाजता उत्कर्षाला धाप लागली. पाठोपाठ हुसेनला. डॉक्टर धावले, इंजेक्शनं झाली, नळ्या लागल्या. पाचला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "घरी असते तर हाती लागले नसते. वेळेत आणलंत." मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं. आठ महिन्यांचं साचलेलं होतं. रडून झाल्यावर फार मोकळं वाटलं.

साडेपाचला परवीन सिस्टर आल्या. "सर, त्या मावशी परत आल्यात. विचारतायत, तिसरा अजून का न्हाई निजला?"

"कुठं आहेत?"

"त्या काय, खाटेपाशी."

मी आत पाहिलं. तिसऱ्या खाटेच्या आणि भिंतीच्या मधे कुणीच नव्हतं.

"हो मावशी," सिस्टर त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आणते त्यांना."

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

पण उठलो. त्या खाटेवर जाऊन बसलो. मला कसलाही त्रास होत नव्हता. खोकलासुद्धा नव्हता.

सिस्टरनी माझ्या बोटाला क्लिप लावली. आकडा पाहिला. क्लिप काढून दुसऱ्या बोटाला लावली आणि पुन्हा पाहिला.

मग घाईनं माझ्या तोंडावर ऑक्सिजन चढवत, माझ्याकडे न बघता त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "मावशी, यांनी मास्क किती वाजता काढला होता?"

क्षणभर त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. आणि माझ्या कागदावर लिहिलं, दहा वाजून बावन्न मिनिटं.