४४१७ चं नाव

हे घडलं तेव्हा खोलीत दोन माणसं होती. दोघांनीही आयुष्य आकड्यांत घालवलेलं. भुताखेतांची नावं काढली तर हसणारी माणसं. म्हणून सांगते, यात पदरचं काही नाही.

११ फेब्रुवारी २०१९. सोमवार. दुपारचे पावणेचार.

माद्रिदच्या पश्चिमेला माळावर अवकाशयानांची माहिती सांभाळणारं एक कार्यालय आहे. त्याच्या तळमजल्यावरची शेवटची खोली.

बाहेर धुकं असं दाटलेलं, की समोरचा मनोरा दिसत नव्हता. त्यावर बसलेल्या करकोच्यांच्या चोचींची फक्त कटकट ऐकू यायची.

तिथं बसणाऱ्या लेइरेचं काम सांगायला सोपं. यानांकडून येणाऱ्या माहितीत ग्रहांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. तिचा प्रोग्रॅम आकडा घेतो आणि नाव देतो. १० म्हणजे सूर्य. ३९९ म्हणजे पृथ्वी. ३०१ म्हणजे चंद्र. एका आकड्याला दोन नावं दिली गेली, तर शेवटी दिलेलं खरं धरायचं.

आणि यादीत नसलेला आकडा दिला, तर उत्तर कोरं.

त्या दुपारी ती हे कोरेपणच तपासत होती. मनाला येईल तो आकडा टाकायचा आणि काही येत नाही ना, ते बघायचं. एकीकडे फोन उलटा-सुलटा करून बघणं चालूच. पाळणाघरात आठ महिन्यांचा ब्रुनो होता, आणि दुपारपासून तिचा तिथं दोनदा फोन करून झाला होता.

५२०६. कोरं.

८८३१. कोरं.

४४१७...

कांदेला.

लेइरेचा हात तिथंच थांबला.

कांदेला हे तिच्या पहिल्या मुलीचं नाव. जन्माला येण्याआधी ठरवलेलं.

तेव्हा, सातव्या महिन्यात, तिनं गंमत म्हणून हे नाव यादीत घातलं होतं. चाचणीसाठी एक खोटा ग्रह लागतोच. सगळे हसले होते. शेजारच्या टेबलावरचा फेर्मीन म्हणाला होता, "पोरगी अजून बाहेर आली नाही, आणि आईनं तिला आभाळात जागा घेऊन ठेवली!"

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली.

कांदेला जन्मली तेव्हा रडली नाही.

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं होतं, "मृत जन्मलेल्या बाळाचं नाव लिहीत नाहीत हो. कागदावर तशी जागाच नाही. फाइलला क्रमांक मिळतो, तेवढाच."

तो क्रमांक होता ४४१७.

कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी लेइरेनं यादीतली ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली होती. आणि त्या ओळीतला आकडा वेगळा होता. फाइलचा क्रमांक तिनं या प्रोग्रॅममध्ये कधीच लिहिला नव्हता.

"काय गं, भूत दिसलं का?" फेर्मीननं खुर्ची सरकवत विचारलं. "की सासूचं नाव आलं?"

मग त्यानं पडद्याकडे पाहिलं.

त्यानं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"जुनी यादी राहिली असेल कुठं तरी, पोरी."

दोघांनी शोधलं. सगळ्या याद्या, सगळ्या जुन्या प्रती. कांदेला हा शब्द कुठंच नव्हता.

फेर्मीननं आपल्या यंत्रावर तोच आकडा टाकला.

कांदेला.

बाहेरची चोचींची कटकट एकदम बंद झाली...

"ही वस्तू कुठं आहे, ते विचार," फेर्मीन हळूच म्हणाला. "काही सांगणार नाही. मार्गाची माहिती दिल्याशिवाय सांगताच येत नाही. मग कळेल, नुसता बिघाड आहे."

लेइरेनं विचारलं. ४४१७ पृथ्वीपासून किती दूर?

उत्तर आलं.

चार लाख किलोमीटर.

"चंद्राच्या थोडंसं पलीकडे," फेर्मीन पुटपुटला. यावेळी तो हसला नाही.

दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं.

तीन लाख वीस हजार.

आणखी दहा मिनिटांनी...

दोन लाख चाळीस हजार.

या वेगानं ती वस्तू पृथ्वीवर कधी पोचेल, याचा फेर्मीननं बोटांवर हिशोब केला.

"किती वाजता?" लेइरेनं विचारलं.

"सोड ना."

"फेर्मीन, किती वाजता?"

"पाचला वीस कमी."

लेइरेनं घड्याळाकडे पाहिलं. रोज बरोबर त्याच वेळी ती पाळणाघराच्या दारात पोचायची. ब्रुनोला घ्यायला.

"ती येतेय," ती म्हणाली.

"पोरी, ऐक..."

"माझ्याकडे येतेय, की त्याच्याकडे? भेटायला येतेय, की त्याला न्यायला?"

फेर्मीननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुसता तर येत नाही. जे यादीत नाही ते पुसणार कसं? त्याच आकड्यावर दुसरं नाव लिही. मग हे जाईल."

"दुसरं कुठलं?"

"काहीही. 'कुणी नाही' असं लिही."

दोन लाख.

तिनं फोनमध्ये ब्रुनोचा फोटो पाहिला. दोन दातांचं हसू. मग पडद्यावरचं नाव पाहिलं. हे नाव जगात कुठल्याच कागदावर नव्हतं. इथंच होतं, आणि तेही तिनं न लिहिता आलेलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मुलीला कुणी तरी नावानं हाक मारली होती.

सव्वाचार वाजले.

लेइरेनं लिहिलं. ४४१७. कुणी नाही.

पुन्हा विचारलं. उत्तर आलं, कुणी नाही.

किती दूर?

माहिती उपलब्ध नाही.

ती टेबलावर डोकं टेकून रडली. फेर्मीन दाराला पाठ लावून उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून.

पाळणाघरात ब्रुनो सुखरूप होता. लेइरेनं त्याला छातीशी धरलं, त्याची बोटं मोजली, वास घेतला.

सांभाळणारी मिलाग्रोस म्हणाली, "आज काय झालं होतं ह्याला, कुणास ठाऊक. दुपारपासून नुसता खिदळत होता. दाराकडे बघून हात पसरत होता."

"आणि?"

"आणि मग एकाएकी हंबरडा फोडला. कुणी तरी जवळ येता येता मागे फिरावं ना, तसा. त्याला गप्प करता करता माझी दमछाक झाली."

"किती वाजता?"

"सव्वाचारला. का गं?"

लेइरेनं वळून दाराकडे पाहिलं.

पुढं नियम बदलला. आधी गेलेल्या बाळांनाही आईबापांना कागदावर नाव देता येईल, असं कळलं. लेइरे त्याच कचेरीत गेली. बाई नव्या होत्या. त्यांनी जुनी फाइल काढली, पान उलटलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"अहो, पण नाव लिहिलेलं आहे की इथं."

"काय लिहिलंय?"

बाई थोड्या घुटमळल्या.

"असं नाव कुणी ठेवतं का, बाई? 'कुणी नाही' लिहिलंय. खाली तारीख आहे, अकरा फेब्रुवारी, दोन हजार एकोणीस."

लेइरेनं ते पान पाहिलं. अक्षर तिचं नव्हतं. दामियानचं, तिच्या नवऱ्याचंही नव्हतं. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही कचेरीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"बदलता येईल?"

"येईल की. काय लिहू?"

तिनं नाव सांगितलं. आवाज इतका बारीक झाला, की बाईंना दोनदा विचारावं लागलं.

कागदावर आता कांदेला आहे.

पण त्या प्रोग्रॅममधून लेइरेनं 'कुणी नाही'ची ओळ कधीच काढून टाकली आहे. रोज कामावरून उठण्याआधी ती ४४१७ टाकते. मिनिटभर थांबते.

उत्तर कोरं येतं.

ब्रुनो आता सहा वर्षांचा आहे. शेजारीण परवा लेइरेवर ओरडत होती, "दाराला कडी न लावता झोपता तुम्ही! शुद्धीवर आहेस का गं? कुणीही आत येईल!"

लेइरे ब्रुनोच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. तिनं वर न बघताच सांगितलं,

"येऊ दे."